नवा घ्यावा की वापरलेला?

३ फेब्रुवारी

मिस्त्रीणबाई,

वर काय लिहावं यातच माझी सकाळ गेली. तुम्ही दोघं वेगळे झाल्यापासून 'सौ.' लिहायची सोय राहिली नाही. 'चि.' लिहिलं तर तू म्हणशील, कुठल्या नात्यानं? आणि नुसतं नाव लिहून पाहिलं तर शाळेत हजेरी घेतल्यासारखं वाटलं. शेवटी ह्यांनी तुला ठेवलेलं नाव घातलं. ठेवणारा माणूसच आता नाही, तेव्हा तक्रार करायची तर कुणाकडे करशील?

कामाचंच लिहिते. आपला कॉम्प्युटर गेला. बटण दाबलं की पंखा दोन गिरक्या घेतो, आतून टकटक आवाज येतो आणि पडदा काळा तो काळाच. कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो खाली वाकला, कान लावला आणि म्हणाला, "काकू, वय झालं आता." हे म्हणताना बघत होता माझ्याकडे, म्हणून जरा लागलंच.

आमच्या चिरंजीवांना फोन केला. ते म्हणाले, "आई, डेस्कटॉप आता कोण घेतं? टॅब आणून देतो. मांडीवर ठेवायचा, बोटानं सरकवायचं." मी म्हटलं, माझी मांडी मोकळी कधी असते? तिथं लोकर असते. मला टेबल हवं, खुर्ची हवी, समोर उभा पडदा हवा आणि बडवायला धड कीबोर्ड हवा. तो हसला आणि म्हणाला, "बरं, बघू." त्याचं 'बघू' तुला माहीत आहेच.

म्हणून तुला विचारते. नवा घ्यावा की वापरलेला? मला लागतं ते तुला ठाऊक आहे. विजेचं नि पाण्याचं बिल भरणं, माझ्या बहिणीशी समोरासमोर बोलणं, फोटो, दुपारी पत्त्यांचा एखादा डाव आणि स्वेटरच्या नक्ष्या. बाकी काही नाही. मॉनिटर मात्र चांगला मोठा हवा. अलीकडे त्यावरची अक्षरं जरा फुटायला लागली होती. जुना झालेला, दुसरं काय! खोलीतला दिवाही बदलून पाहिला.

त्या टकटक करणाऱ्या डब्याशी बसले की मला एकच गोष्ट आठवते. तू या घरात येऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. कॉम्प्युटर तेव्हा ह्यांचा होता. ऑफिसातले नकाशे कागदावरून पडद्यावर गेले, म्हणून हौसेनं घेतला आणि मग त्याला घाबरून राहिले. मी त्याला फुलाफुलांचं आवरण शिवलं होतं. त्या खोलीत चप्पल चालत नव्हती, पाण्याचा पेला चालत नव्हता, कुणी शिंकलं तरी ह्यांच्या कपाळाला आठी पडायची. आणि तू एका दुपारी माझ्या शिवणाच्या डब्यातला स्क्रूड्रायव्हर मागून नेलास, आवरण बाजूला फेकलंस, डब्याचं एक अंगच उघडून ठेवलंस. हे ऑफिसातून आले तर तू जमिनीवर फतकल मारून बसलेली, हातात माझा रंगाचा ब्रश, आणि धुळीचे बोळे फरशीवर.

मला वाटलं, आता काही खरं नाही. हे दारातच उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "टॉर्च धरू का?"

तू म्हणालीस, "धरा. आणि जरा डावीकडे."

त्या दिवसापासून तू मिस्त्रीण झालीस. रात्री जेवताना हे मला म्हणाले, "आपल्या मुलाला काय सापडलंय, त्याला कळतंय का गं?"

असो. फोन का नाही केला, म्हणशील. फोनवर तू नुसतं 'बोला' म्हणालीस आणि मला पुढं काही सुचलंच नाही तर? पत्रात तसं होत नाही. चिरंजीवांना हे पत्र माहीत नाही. सांगण्यासारखं तरी त्यात काय आहे, कॉम्प्युटरचंच तर आहे.

तुझी,
(इथंही काय लिहावं ते सुचत नाही)


१९ फेब्रुवारी

मिस्त्रीणबाई,

तुझं उत्तर आलं. पाकीट फोडायच्या आधी चहा केला, बसले, मग फोडलं. एक पान. 'सप्रेम नमस्कार' आणि खाली थेट मुद्दे. नाराज नाही, उलट बरं वाटलं. तुझं अक्षर पूर्वीसारखंच आहे, घाईघाईत बस पकडायला निघाल्यासारखं.

सगळं नीट समजलं. ऑफिसांनी काढून टाकलेले डेस्कटॉप चांगले असतात, पण प्रोसेसर फार जुना नको, नाहीतर नवी सिस्टिम चालत नाही. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी हवी. रॅम निदान आठ. घेण्याआधी चालू करून तासभर तिथंच बसायचं, पंख्याचा आवाज ऐकायचा, मागच्या सगळ्या खोबणींत काहीतरी लावून बघायचं आणि गॅरंटी कागदावर घ्यायची. मॉनिटर नवाच घ्यायचा. मी हे फ्रिजवर चिकटवलं.

आणि तिथंच घोटाळा झाला. रविवारी चिरंजीव आले. पाणी प्यायला फ्रिज उघडायला गेले आणि थबकले. मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी, हातात कढई. अक्षर ओळखायला त्याला कितीसा वेळ लागणार? सगळं वाचून होईपर्यंत तो तसाच उभा. मला वाटलं, आता विचारेल, कधीपासून चाललंय हे. त्यानं बाटली काढली, पाणी प्यायला, बाटली परत ठेवली आणि म्हणाला, "बरोबर लिहिलंय तिनं. एसएसडी घे."

बस. पुढं जेवला, पेपर वाचला, गेला. जाताना मात्र फ्रिजसमोर उगाच एकदा उभा राहिला.

मग मी एकटीच बाजारात गेले. आधी त्या मोठ्या काचेच्या दुकानात. आत इतकं गार की स्वेटर विणायचा सोडून घालावासा वाटला. एक चुणचुणीत पोरगी आली, टाय वगैरे लावलेली. तिनं मला एक डबा दाखवला, त्याला काचेची भिंत आणि आत लाल-निळे दिवे फिरतायत. "हा सगळ्यात जोरात चालतो, आजी. काय करणार यावर?"

"विणकाम."

तिनं त्या डब्याचे दिवे बंद केले. मग म्हणाली, "मग हा नको."

चांगली होती बिचारी. तिनं मला दुसरा प्रकार दाखवला, ज्यात सगळं पडद्यातच बसवलेलं, डबाच नाही. दिसायला देखणा. पण मी विचारलं, हा बिघडला तर उघडायचा कुठून? ती म्हणाली, कंपनीकडे पाठवायचा. मला ते पटलं नाही. ज्याचं अंग उघडून आत बघता येत नाही त्याच्याशी माझं जमायचं नाही. हे तूच मला शिकवलंस, नाहीतर मी काय, इस्त्रीचा प्लगसुद्धा दुसऱ्याकडून लावून घेणारी बाई.

तिथल्या मॉनिटरचं मात्र मला आश्चर्य वाटलं. इतके नवेकोरे, पण सगळेच धुरकट. दिव्यांभोवती वलयं दिसत होती. आजकाल माल असाच येतो की काय? तुला विचारून ठेवते. त्यातल्या त्यात कुठल्या कंपनीचा स्वच्छ असतो?

परत येताना बसचा नंबर वाचता येईना म्हणून एकाला विचारलं आणि चुकीच्या बसमध्ये बसले. ती एका अनोळखी वस्तीत गेली, तिथून चालत आले. फिरणं झालं.

घरी आले तर ते रिकामं टेबल. आपल्या दुपारी आठवल्या. तुझी शिफ्ट संध्याकाळची असायची, हे ऑफिसला, तो ऑफिसला, आणि आपण दोघी त्या पाठीला पोट असलेल्या मॉनिटरसमोर. तू मला हिशेबाच्या तक्त्यातली घरं बारीक चौकोनी करून दिलीस आणि म्हणालीस, "आई, एक घर म्हणजे एक टाका. भरा रंग." मी आयुष्यभर नक्ष्या डोक्यात धरून विणत आले होते. चुकली ओळ की उसव. आणि इथं चुकलं तर नुसतं एक बटण दाबून मागं! मी तुला म्हटलं होतं, हे बटण घरातल्या बाकीच्या गोष्टींना पण असायला हवं होतं. तू इतकी हसलीस की शेजारच्या वहिनी काय झालं ते बघायला आल्या.

त्या दुपारी भलत्याच लांब असायच्या. आता त्याच घरात, त्याच खिडकीशी, दुपार कधी होते नि कधी संपते तेच कळत नाही.


८ मार्च

मिस्त्रीणबाई,

तू पोचल्याचा निरोप मिळाला. गाडीला गर्दी होती का? बसायला मिळालं का?

परवाचं सगळं तू पाहिलंसच, पण तुझ्या बाजूनं. माझ्या बाजूनंही एकदा ऐकून घे. माझ्या पत्राला उलट टपाली पत्र न येता एकदम फोन आला, 'शनिवारी येते, तोवर काही घेऊ नका', तेव्हा मला वाटलं, पोरीला माझी दया आली. तू घरी येणार नाहीस, बाजारातच भेटशील म्हणालीस, तेही मला कळलं. मी ती निळी साडी नेसले होते. चपलाही नव्या. कॉम्प्युटर घ्यायला कोण असं नटून जातं?

ते वापरलेल्या मालाचं दुकान मला फार आवडलं. काचा नाहीत, गारवा नाही, फडताळांवर डब्यांच्या रांगा आणि प्रत्येकावर अजून आधीच्या ऑफिसांच्या चिठ्ठ्या. 'लेखा विभाग.' 'चौकशी.' एकावर कुणीतरी बॉलपेननं लिहिलं होतं, 'हात लावू नये.' मला आमच्या ह्यांची आठवण झाली.

तू टेबलाखाली शिरून मागच्या खोबणी तपासत होतीस, तेव्हा दुकानदारानं मला हळूच विचारलं, "मुलगी का?"

मी म्हटलं, "हो."

तो म्हणाला, "वाटलंच. तुमच्यासारखीच घासाघीस करते."

हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही. आता सांगते, कारण पत्रात तुझा चेहरा दिसत नाही.

मग तो 'लेखा विभाग'वाला डबा चालू झाला. पंखा खरंच कुजबुजल्यासारखा. तू माझ्यासाठी तक्ता उघडलास, घरं छोटी केलीस आणि म्हणालीस, "वाचा बरं, वर काय लिहिलंय."

मी म्हटलं, "उन्हातून आलेय गं, डोळे दिपलेत."

तू मॉनिटर बदललास. मग तिसरा लावलास. मी म्हटलं, हाही धुरकटच. दुकानदार म्हणाला, "काकू, हा तर कालच खोक्यातून काढला." त्यावर मी जरा ओरडलेच त्याच्यावर, की मला शिकवू नका. तू रिकामं खोकं उचललंस, त्यावरची मोठी अक्षरं माझ्यासमोर धरलीस, मग दोन पावलं मागं गेलीस, आणखी मागं गेलीस. आणि मला एक अक्षर लागेना.

तू खोकं खाली ठेवलंस. तुझा आवाज मी इतक्या वर्षांत तसा ऐकला नव्हता. "तुम्हाला मोठा मॉनिटर नकोय, आई. तुम्हाला डोळ्यांचा डॉक्टर हवाय. कधीपासून असं दिसतंय?"

दुकानदार लगेच पाठ करून एक कीबोर्ड पुसायला लागला. सभ्य माणूस.

तर आता विचारलंच आहेस म्हणून लिहिते. बरेच दिवस झाले. लोकर ओळखायची तर बोटांनी ओळखते. गडद निळा आणि काळा यांत फरक करता येत नाही. शेजारच्यांच्या नातवाला विणलेल्या स्वेटरचा एक हात निळा आणि एक काळा झाला, त्यांनी 'नवी फॅशन का' विचारलं, मी 'हो' म्हटलं. चिरंजीवांना सांगितलं नाही, कारण मग तो मला या घरातून उचलून त्याच्याकडे नेणार. त्याच्या घरात खिडकी उघडली की समोर भिंत. आणि खरं सांगू? डॉक्टर 'आता काही होणार नाही' म्हणाला तर काय, या धास्तीनं गेलेच नाही. मॉनिटर जुना झालाय असं म्हणत राहायचं. त्याला बोल लावणं सोपं.

तू मला तिथूनच रिक्षात घातलंस. डॉक्टरीणबाई हसली, म्हणाली, "मोतीबिंदू आहे, आजी. पिकलाय चांगला. काढला की झालं." इतकंच! मी इतके दिवस सगळ्यांपासून लपवत फिरत होते आणि ते इतकंच निघालं. बाहेर येऊन बाकावर बसले तर मला रडू फुटलं. तू पर्समधून रुमाल काढलास आणि दुसरीकडे बघत बसलीस. हात मात्र माझ्या हातावर होता.

डबा दुकानदारानं ठेवून घेतलाय. चिठ्ठी तशीच राहू दे म्हटलं मी त्याला.


१५ मार्च

मिस्त्रीणबाई,

चिरंजीवांना सांगितलं. आधी चिडला. "मला का नाही सांगितलंस?" म्हणून खोलीभर फिरला. मग विचारलं, "कळलं कसं?"

मी म्हटलं, "कॉम्प्युटर घ्यायला गेलो होतो."

"गेलो होतो म्हणजे?"

सांगितलं मग. तो खुर्चीत बसला. बराच वेळ त्या रिकाम्या टेबलावर बोटं वाजवत राहिला. म्हणाला, "तिला एका मिनिटात कळलं. मी दर रविवारी येतो."

मी म्हटलं, "तू मला वाचायला लावलं नाहीस ना कधी." त्याचं समाधान झालं नाही, पण मी आणखी काय बोलणार?

ऑपरेशनच्या दिवशी तो सुट्टी काढतोय. तुला यायची गरज नाही, हे लिहायला मी हे पत्र घेतलं. आता तेच लिहवत नाहीये. येता आलं तर ये.


२ एप्रिल

मिस्त्रीणबाई,

हे पत्र माझ्या हातानं, चष्म्याशिवाय, ओळीवर ओळ न चढवता लिहिते आहे. दुसरा डोळा पुढच्या महिन्यात. एका डोळ्यानंच एवढं दिसायला लागलंय की घर बघून मला लाज वाटली. कोपऱ्याकोपऱ्यांत जाळी! चिरंजीवांच्या कानांवरचे केस पांढरे झालेत, ते कधी झाले? आणि आरशातल्या बाईला तर मी ओळखलंच नाही.

तुला एक गोष्ट माहीत नाही. ऑपरेशन झाल्यावर डोळ्यावर पट्टी बांधून मला पडद्याआड झोपवलं होतं. तुम्हाला दोघांना वाटलं, मी झोपलेय. तुम्ही बाहेरच्या बाकावर होतात. मग तो म्हणाला, "आठ रॅम पुरेल तिला."

तू म्हणालीस, "सोळा टाक. त्यांच्या नक्ष्यांच्या फाइली बघितल्यायत का कधी? पडदे विणतात का स्वेटर, कळत नाही."

"तुझं नेहमीचंच, दुप्पट."

"आणि तुझं निम्मं."

मी पट्टीखाली हसले. अगदी जुन्या घरातल्यासारखं वाटलं. ह्यांचा आवाज तेवढा यायचा राहिला. मग तो म्हणाला, "बारीक झालीस."

तू म्हणालीस, "तुझ्या चष्म्याची काडी तुटलीय. चिकटपट्टी लावून फिरतोस?"

"वेळ नाही मिळाला."

त्यानंतर नर्स आली. मी पडल्या पडल्या काय काय रचलं, ते तुला लिहीत नाही. तुला कळेलच. म्हातारीला पट्टी बांधून झोपवलं की ती आणखी काय करणार?

आणि मग मागच्या शनिवारी तुम्ही दोघं तो डबा घेऊन आलात. इतक्या वर्षांनी तू या दारातून आत आलीस. चप्पल कुठं काढायची ते तुला विचारावं लागलं नाही. त्यानं डबा टेबलावर ठेवला, तू वायरी लावल्यास, तो टॉर्च धरून उभा राहिला. मी चहा टाकायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले ती मुद्दाम बराच वेळ आले नाही. आले तेव्हा पडदा लखलखत होता आणि तुम्ही दोघं दोन खुर्च्यांवर, मध्ये हातभर अंतर ठेवून बसला होतात. जुन्या डिस्कवरचं निम्मं वाचलं, निम्मं गेलं. तो म्हणाला, जे मिळालं ते मिळालं. तूही मान हलवलीस. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

निघताना तू मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणालीस, "आई, तुम्ही मनात काही धरू नका. आमचं भांडण संपलंय. बाकीचंही संपलंय." इतकं हळू आणि इतकं नीट बोललीस की मला तुझ्यावर रागावताही आलं नाही. मी म्हटलं, "मी कुठं काय धरलंय? कप धरलाय." तू हसलीस. मग तो कप माझ्या हातातून घेऊन विसळून ठेवलास.

तुम्ही जिना उतरलात तशी मी खिडकीशी गेले. डॉक्टरीणबाई म्हणाली होती, लांबचं आता स्वच्छ दिसेल. खरंच दिसलं. रस्ता, झाडाची पानं, समोरच्या दुकानाच्या पाटीवरची बारीक अक्षरं. तुम्ही चौकापर्यंत बरोबर गेलात. तिथं थांबलात. तो काहीतरी म्हणाला, तू त्याच्या दंडावर थोपटलंस, कामावरच्या माणसाला थोपटावं तसं. तो डावीकडे स्टँडच्या बाजूला गेला, तू उजवीकडे. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. तू त्याच्याकडे पाहिलं नाहीस. मी पाहत राहिले. डोळे मिटावेसे वाटले, पण मिटले नाहीत.

आणि तेव्हा कोपऱ्यावर जाऊन तू वळलीस. मान वर करून, त्याच्या वाटेकडे नाही, थेट या खिडकीकडे बघत हात हलवलास.

मी पडद्याआड होते, तुला दिसले नसेन. पण मीही हात केला होता गं. दोन्ही हातांनी.

आई